उजवा लॅच जाम: जुन्या एमएक्स-५च्या छताच्या नोंदी

१४ डिसेंबर, शनिवार

गाडी माझदा एमएक्स-५, छत मागे दुमडून उघडी करता येणारी, पहिली पिढी, १९९१ची, १.६ लिटर. छत काळ्या व्हिनाइलचं, मूळचं नाही, कधीतरी बदललेलं. मागची खिडकी प्लॅस्टिकची, चेनवाली. तक्रार एकच: छत उघडत नाही. डावा लॅच सुटतो, उजव्याचं बटण दाबलंच जात नाही.

या गाडीच्या छताला मोटर नाही, हायड्रॉलिक नाही, वायरिंगही नाही. छताच्या पुढच्या आडव्या पट्टीवर दोन्ही टोकांना एकेक लॅच. बटण दाबायचं, लिव्हर खाली ओढायचा, की हूक विंडशील्डच्या चौकटीवरच्या खाचेतून बाहेर येतो. हे मला बरं वाटतं. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरसारख्या गाडीत लॅच सोडल्याचा निरोप मायक्रोस्विचनं दिला नाही, किंवा हँडब्रेक ओढलेला नसला, तर मोटर ढिम्म हलत नाही, आणि मग मल्टिमीटर घेऊन वायर शोधत बसावं लागतं. इथे जे काही अडलंय ते डोळ्यांना दिसणारं आणि हाताला लागणारं आहे.

आज फक्त पाहणी. डाव्याचं बटण अंगठ्यानं सहज आत जातं, लिव्हर खाली येतो, हूक सुटतो. उजव्याचं बटण दगड. आत जात नाही, हलत नाही, कटकट आवाजसुद्धा नाही. डावा सुटल्यावरही छताची पट्टी डावीकडून केसभरही उचलली गेली नाही. डावा पुन्हा लावून ठेवला. एक बाजू मोकळी आणि एक अडकलेली अशी पट्टी तिरकी ओढली जाते, आणि तो पीळ अडकलेल्या हूकवरच येतो.

गॅरेजमध्ये सकाळी ९ अंश. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

१५ डिसेंबर, रविवार

एका मित्रानं पाहताक्षणी निकाल दिला: "पक्कड लाव आणि ओढ, नाहीतर ग्राइंडरनं हूक काप." पक्कड लावणार नाही. लिव्हर ओतीव मिश्रधातूचा आहे, कडेला पांढरी भुकटी दिसतेय, म्हणजे जस्ताचं ओतकाम. असा धातू वाकत नाही, थेट तुटतो. लिव्हरचं टोक तुटून हातात आलं आणि हूक तसाच अडकून राहिला, तर मग खरंच ग्राइंडर आणावा लागेल, आणि तोही विंडशील्डच्या काचेपासून दोन बोटांवर.

लॅच पट्टीपासूनच सोडता येईल का, हेही पाहिलं. स्क्रू दिसतात, पण त्यातला एक बंद लिव्हरच्या मागे दडलेला. लिव्हर उघडल्याशिवाय तिथे पेचकस पोचत नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्याचं बरोबरच आहे, बंद छत बाहेरच्या कुणाला सहज काढता येऊ नये. मला मात्र आज त्याचा राग आला.

तेव्हा आधी साधा उपाय. डॅशबोर्डवर आणि सीटवर जुन्या चादरी टाकल्या. बारीक नळीनं बटणाच्या फटीत आणि लिव्हरच्या पिनेपाशी गंज सोडवणारं तेल सोडलं. विंडशील्डच्या वरच्या रबराला कागदाची पट्टी लावून झाकलं, कारण गाड्यांचं बीडिंग (फटी बंद करणारं रबर) बहुतेक ईपीडीएम रबराचं असतं आणि खनिज तेलानं ते फुगतं, मऊ पडतं. लॅच सुटला आणि बीडिंग गेलं, असला व्यवहार नको.

रात्रभर राहू दिलं.

१६ डिसेंबर, सोमवार

काही फरक नाही. बटण तसंच.

१८ डिसेंबर, बुधवार

पुन्हा तेल, पुन्हा वाट. बटणाभोवतीच्या फटीतून तपकिरी पाणी निघालं, म्हणजे तेल आत पोचतंय. तरी बटण हलत नाही. गंजानं धरलेला भाग तेल लागल्यावर थोडा तरी कुरकुरतो, अर्धा मिलिमीटर का होईना मागेपुढे होतो. हा अजिबात होत नाही. मला हे गंजाचं लक्षण वाटत नाही. बटणावर कसला तरी भार आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

आज तासभर दोन्ही लॅचकडे नुसतं बघत बसलो, आणि तो तास वाया गेला नाही.

टॉर्च आडवा धरून दोन्ही लिव्हर बाजूनं पाहिले. डावा बंद झाल्यावर आपल्या खोबणीत सपाट बसतो. उजवा बसत नाही. त्याचं टोक खोबणीपासून किंचित बाहेर राहतं, समोरून बघितलं तर कळणारही नाही इतकं. फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला: डाव्याखाली ०.३ मिमीचं पान जेमतेम जातं, उजव्याखाली दोन मिमीपेक्षा जास्त जागा.

हा सगळा खेळ या दोन मिमीतच आहे. हे लॅच टॉगलच्या तत्त्वावर चालतात. काचेच्या बरणीच्या झाकणाला तारेची कडी असते तसं: कडी दाबताना आधी जोर लागतो, मग एका क्षणी टक्कन पलीकडे जाते आणि त्यानंतर झाकणाचा ताणच तिला बंद धरून ठेवतो. लिव्हरची पिन, हूकची पिन आणि खाच हे तीन बिंदू एका रेषेत येतात तो डेड सेंटर. लिव्हर तो ओलांडून पलीकडे गेला, की छताचा ताण त्याला आणखी आत दाबतो. बटणाला तेव्हा काही काम नसतं. चुकून धक्का लागून लिव्हर उघडू नये, एवढ्यापुरती त्याची खिटी असते.

पण हूक गरजेपेक्षा आखूड असेल, तर लिव्हर डेड सेंटरपर्यंत पोचतो आणि तिथेच, किंवा जरा अलीकडे, थांबतो. मग छताचा ताण त्याला आत दाबण्याऐवजी बाहेर ढकलतो. त्याला धरून ठेवायला उरते फक्त बटणाची ती चिमुकली खिटी. संपूर्ण छताचा ओढा तिच्या कडेवर. असं बटण अंगठ्यानं दाबलं जाणार नाहीच, आणि तेलाचा डबा ओतला तरी नाही.

थंडीत व्हिनाइल आकसतं आणि ताठ होतं. म्हणजे हाच लॅच उन्हाळ्यात कदाचित कुरकुरत का होईना उघडत असेल.

हे बरोबर असेल तर लिव्हर खाली ओढायचाच नाही. उलट तो आणखी वर, बंद व्हायच्या दिशेनं दाबायचा. त्याच वेळी बाहेरून कुणीतरी छताची पट्टी विंडशील्डवर दाबून धरायची, म्हणजे हूकवरचा ताण उतरेल. खिटीवरचा भार गेला की बटण आत जायला हवं. आणि गेलं, तर लिव्हर हातात न धरता स्वतःच झटक्यानं खाली येईल. बोटं मध्ये नकोत.

उद्या दुपारी. गाडी आधी उन्हात.

२२ डिसेंबर, रविवार

गाडी सकाळपासून उन्हात ठेवली. दुपारी छताचं कापड हाताला कोमट लागलं, सकाळपेक्षा लक्षात येण्याइतकं मऊ. हेअर ड्रायरही आणला होता. लॅचजवळच्या पट्टीवर, हलवत हलवत, थोडा वेळ मारला. मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीजवळ नेला नाही. ती खिडकी थंडीत दुमडली तर तडकते आणि जास्त तापवली तर धुरकट होते, दोन्हीकडून नाजूक.

पुतण्याला बोलावलं. तो बाहेर उजव्या दाराशी, मी आत ड्रायव्हर सीटवर.

"काका, कुठे दाबू?"

"काचेच्या अगदी वर, पट्टीवर. तळहातानं दाब, बोटांनी नको. कापडावर नको."

"एवढं?"

"अजून. अंगाचा भार टाक."

मी डाव्या हाताच्या तळव्यानं लिव्हर वर दाबला. आधी काही नाही. मग पट्टी किंचित खाली बसल्याचं जाणवलं, लिव्हर खोबणीकडे सरकला, फट बंद झाली. उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि ते गेलं. जोर न लावता, डाव्यासारखंच. पुतण्यानं हात काढला, मी तळवा बाजूला घेतला, तसा लिव्हर फाटकन खाली आला. अंदाज बरोबर होता: तो डेड सेंटरच्या अलीकडेच अडकलेला होता.

छत मात्र लगेच उचललं गेलं नाही. विंडशील्डवरचं बीडिंग पट्टीला चिकटून बसलं होतं. जुनं प्लॅस्टिक कार्ड एका टोकानं आत सरकवत, रबरावर सिलिकॉन स्प्रे मारत हळूहळू सोडवलं. उजव्या कोपऱ्यात रबराचा एक तुकडा पट्टीलाच राहिला. तो तसा आधीपासूनच फाटलेला असावा, कड मळलेली होती.

मागची चेन उघडली, खिडकी आडवी खाली घातली, छत मागे टाकलं. पुतण्याला फेरी हवी होती, मारली.

२३ डिसेंबर, सोमवार

दोन्ही लॅच काढून टेबलावर. लिव्हर मोकळा असल्यावर स्क्रू सरळ निघतात.

उजव्याच्या पिनेवरचं ग्रीस तपकिरी होऊन घट्ट चिकटलेलं, नखानं खरवडलं तर पापुद्रे निघत होते. बटणाची स्प्रिंग गंजलेली पण तुटलेली नाही. खिटीच्या कडेवर चकाकणारी एक ओळ उमटली होती, जिथे लिव्हरचा दात तिच्यावर घासत होता. डाव्याच्या खिटीवर अशी ओळ नाही. काय घडत होतं ते या एका खुणेवरून ठरतं.

हूकच्या मुळाशी आटे असतात, ते फिरवले की हूक लांब किंवा आखूड होतो. व्हर्निअर (लांबी मोजायचं साधन) लावला. उजवा हूक डाव्यापेक्षा साडेतीन मिमी आखूड. मुद्दाम आवळलेला, कारण आट्यांवर पक्कडीचे दात उमटलेत.

आधीच्या मालकांना फोन केला.

"हो हो, मीच आवळला होता. उजवीकडून वारा शिट्टी मारायचा, आणि पावसात व्हायजरवर थेंब पडायचे. मेच्या महिन्यात केलं होतं. मग बंद झालं सगळं."

सगळं म्हणजे छत उघडणंही. पण त्यांचा हेतू समजतो. वारा येतोय, पाणी येतंय, हाताशी आटे आहेत, आवळले. मे महिन्यात कापड सैल असताना ते खपून गेलं.

खरा प्रश्न त्याआधीचा आहे: उजवीकडूनच वारा का येत होता? उत्तर त्या फाटलेल्या कोपऱ्यात. पट्टीखालचं बीडिंग उजव्या टोकाला चपटं होऊन मेलेलं आहे. नख रोवलं तर डावीकडे रबर परत उसळतं, उजवीकडे खड्डा तसाच राहतो. पट्टी कितीही खाली ओढली तरी मेलेलं रबर दाबाला उत्तर देत नाही. म्हणजे पट्टी ओढण्यात जो जोर गेला, तो लॅचनं भोगला. बीडिंग नवं घ्यायचं.

२८ डिसेंबर, शनिवार

सफाईचा दिवस. लॅच रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या ब्रशनं घासून, वाऱ्यानं सुकवले. पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरनं काढली, पिनेची भोकं सोडून, तिथे पेपर फिरवला तर पिनेला खेळ येईल. खिटीची घासलेली कड अजून शाबूत आहे, बदलावी लागणार नाही.

पिनांना पांढरं लिथियम ग्रीस, अगदी थोडं, जास्तीचं पुसून टाकलं. डब्ल्यूडी-४० सोडवायला आणि पुसायला चांगलं, पण वंगण म्हणून ते टिकत नाही. महिन्याभरात उडून जातं आणि मागे राहिलेल्या पातळ थराला धूळ चिकटते. लॅच डोक्याच्या वर आहे हे विसरायचं नाही, जादा ग्रीस उन्हाळ्यात कपाळावर पडतं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नवं बीडिंग आलं. जुनं ओढून काढताना खोबणीत सुकलेला गोंद आणि माती निघाली. प्लॅस्टिकच्या खरवडणीनं साफ केलं, स्पिरिटनं पुसलं. नवं बसवताना ते ओढून ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर काही दिवसांनी मूळ लांबीवर येतं आणि नेमक्या कोपऱ्यांत आखडून फट पाडतं. मधून सुरुवात करून दोन्हीकडे दाबत गेलो, उजव्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ. तिथे पट्टीचं बीडिंग, काचेच्या खांबाचं बीडिंग आणि दाराच्या काचेची कड तिन्ही एकत्र येतात. गळायचंच असेल तर पाणी हाच कोपरा शोधतं.

रात्री छत लावून ठेवलं, लॅच मुद्दाम सैल. रबराला पट्टीची सवय होऊ दे.

५ जानेवारी, रविवार

हूकची जुळणी. आधी दोन्ही हूक व्हर्निअरनं सारख्या लांबीचे केले, डावा जसा होता तसा. मग कागदाची चाचणी: वहीच्या कागदाच्या पट्ट्या बीडिंग आणि छताच्या पट्टीमध्ये ठेवायच्या, छत लावायचं, कागदाची पट्टी ओढून बघायची. सुळकन निघाली तर सैल, फाटली तर घट्ट. अडत अडत निघाली पाहिजे.

मध्ये बरोबर, डावीकडे बरोबर, उजव्या टोकाला जरा सैल. उजवा हूक पाव फेरा आवळला. पुन्हा कागद. अजून पाव. आता अडत निघते. दर वेळी लिव्हर सपाट बसतोय का हे फीलर गेजनं पाहिलं. त्या फटीवर लक्ष ठेवल्याशिवाय आट्याला हात लावायचा नाही, हा माझा इथला नियम. बटण आत जातंय म्हणजे सगळं ठीक असं नसतं, दुपारी गरम कापडात ते जाईलच. लिव्हर पूर्ण बसतो की नाही, याला महत्त्व.

छत नवीन घातलेलं असेल तर हेच गणित उलटं चालतं. नवं कापड ताठ असतं, सुरुवातीला हूक लांब ठेवावे लागतात, महिन्या-दोन महिन्यांत कापड सैलावलं की थोडे आवळायचे. माझं छत जुनं, त्यामुळे आता फारसं बदलणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

पाण्याची चाचणी. पुतण्या आत टॉर्च घेऊन, मी बाहेर पाइप घेऊन. जोराचा फवारा नाही. पावसासारखं, वरून, बराच वेळ. प्रेशर वॉशर इथे वापरायचाच नाही. शिवणीतून आणि काचेच्या फटीतून पाणी असं घुसतं की कुठलंच छत पास होणार नाही.

"काका, मधून काही नाही... डावीकडे काही नाही... इथे एक थेंब!"

उजवीकडे, पण लॅचपाशी नाही. दाराच्या काचेची मागची वरची कड. ती काच किंचित बाहेर झुकलेली आहे, छताच्या बाजूच्या रबराला पूर्ण टेकत नाही. त्याचा लॅचशी काही संबंध नाही. तो दाराच्या आतल्या जुळणीचा प्रश्न, वेगळं पान. लॅच आवळून तो थेंब थांबवायचा मोह झाला असता तर पुन्हा डिसेंबरच्या जागी आलो असतो.

दोन्ही सीटमागच्या निचऱ्याच्या वाटाही तपासल्या. छतावरचं पाणी मागच्या पन्हाळीतून तिथे उतरतं. डावी साफ, उजवीत पानांचा गोळा. मऊ, जाड नायलॉनच्या दोरीनं काढला. तार घालायची नाही, आतली नळी फाटते.

१९ जानेवारी, रविवार

ताशी ८० पर्यंत नेऊन आलो. शिट्टी नाही. काचेच्या वरच्या कडेला वाऱ्याचा साधा आवाज आहे, तो या गाडीत असायचाच. खडबडीत रस्त्यावर उजवीकडून बारीक कटकट येते. खाचेत हूक हलतो का पाहिलं, हलत नाही. सन व्हायजरची क्लिप होती. फेल्टचा तुकडा चिकटवला.

२ फेब्रुवारी, रविवार

खरी परीक्षा राहिली होती. पहाटे लवकर गॅरेज उघडलं. ८ अंश, १४ डिसेंबरपेक्षाही एक कमी. गाडी रात्रभर तिथेच, छत बंद, कापड गार आणि ताठ.

उजव्या लिव्हरखाली ०.३चं पान जेमतेम गेलं. बटण अंगठ्यानं आत. लिव्हर अर्ध्या वाटेपर्यंत जोरानं, मग सैल. हूक बाहेर. डावा तसाच. छत मागे टाकलं नाही, एवढ्या थंडीत खिडकी दुमडायची नाही. पुन्हा लावून टाकलं.

हूकच्या आट्यांवर पांढऱ्या पेंटची खूण केली, म्हणजे पुढे कुणी फिरवले तर दिसेल. लांबी, तापमान आणि तारीख ग्लोव्ह बॉक्समधल्या चिठ्ठीवर लिहिली. पुढचं काम उजव्या दाराची काच. त्यासाठी दाराचं आतलं पॅनल काढावं लागेल, म्हणजे आधी पॅनलच्या नव्या क्लिपा आणायच्या, कारण जुन्यांतल्या निम्म्या तरी काढतानाच तुटतील.